सुई दिसते, उंबरा दिसत नाही

प्रश्न : माझी आजी ७६ वर्षांची आहे. सुईत दोरा ओवते, तांदळातले खडे वेचते, पण उंबऱ्याला ठेचकाळते आणि कोणी बाजूला येऊन उभं राहिलं की दचकते. घरातले म्हणायचे, "हिला हवं ते बरोबर दिसतं." गेल्या महिन्यात डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. माझा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतो. तो म्हणतो, डोळ्यांवर एक यंत्र चढवलं की आजीला जसं दिसतं तसंच आपल्याला दिसतं, त्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. हे कितपत खरं? मी इथे शाळेत विज्ञान शिकवते. १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो, तेव्हा असं काही मुलांना दाखवावं असं मनात आहे. दाखवावं का? आणि बाबा म्हणतात, आजीचं झालं ते वयामुळे, बाकीच्यांनी तपासायची काय गरज? त्याचंही उत्तर द्या.
— एक शिक्षिका, मालगुंड (जि. रत्नागिरी)

उत्तर : ताई, आधी घरच्यांना एवढं सांगा की आजी सोंग करत नाहीत. त्यांना सुई दिसते हे खरं, आणि उंबरा दिसत नाही हेही तितकंच खरं.

डोळ्याच्या पडद्यावर दोन वेगळी कामं चालतात. एका जागी नजर लावून बारीक पाहणं हे पडद्याच्या मधोमध असलेल्या अगदी छोट्या भागाचं काम. चालताना पायाखाली काय आहे, बाजूने कोण आलं, गडग्यावरून मांजर उडी मारतंय का, हे कळतं ते उरलेल्या सगळ्या पडद्यामुळे. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. बहुतेक वेळा कडेचं दृश्य आणणारे तंतू आधी मरतात आणि मधलं दृश्य पार शेवटपर्यंत टिकतं. म्हणून आजी सुई ओवतात. दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचतील कदाचित. पण दृष्टीचा खालचा भाग गेला असेल तर उंबरा आणि पायरी त्यांच्यासाठी तिथे नसतेच, आणि बाजूचा गेला असेल तर तुम्ही चालत येत नाही, एकदम समोर उगवता. दचकतील नाही तर काय करतील?

आता तुमच्या भावाच्या यंत्राबद्दल. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे समोरचं खरं दृश्य तसंच ठेवून त्यात संगणकाने काही भर घालणं किंवा फेरफार करणं. डोळ्यांवर बांधायच्या हेडसेटला पुढून कॅमेरे असतात. ते समोरचं टिपतात, आतली चिप त्या चित्रात बदल करते आणि डोळ्यांपुढच्या दोन छोट्या पडद्यांवर ते लगेच दाखवते. हे सगळं सेकंदाच्या अगदी लहान अंशात व्हावं लागतं, नाहीतर मान वळवली की चित्र मागून येतं आणि माणसाला मळमळतं. व्हर्च्युअल रिॲलिटीत तुम्ही दुसऱ्याच कुठल्या जगात जाता. इथे मात्र तुमचंच अंगण, तुमचीच पडवी, तुमचाच उंबरा असतो, फक्त कोणीतरी तो धुकट केलेला, पिवळा केलेला किंवा कडेने खाऊन टाकलेला असतो. तुमच्या कामासाठी मला हाच फरक सर्वांत मोलाचा वाटतो. त्याकडे पुन्हा येतो.

भाऊ म्हणतो त्यातलं बाकी सगळं बरोबर आहे. फक्त "तसंच दिसतं" यातला "तसंच" तपासायला हवा. तुम्ही विज्ञान शिकवता, तर त्यासाठी यंत्र नको, एक वही पुरे.

रेघांच्या पानावर पेनाने एक फुली काढा. तिच्या उजवीकडे ७ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा तळहाताने झाका. उजवा डोळा फुलीवरच ठेवा, ठिपक्याकडे वळू देऊ नका, आणि वही हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण २५ सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. आणखी जवळ आणलीत की परत येईल. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून तेवढ्या जागेचं आपल्याला काहीच दिसत नाही. मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात हा अंधबिंदू दाखवून दिला.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. ठिपका गेला तेव्हा त्याच्या जागी मुलांना काय दिसलं, ते विचारा. काळं भोक दिसलं का? नाही. कागद दिसला, आणि रेघाही सलग दिसल्या. माहिती आली नाही तिथे मेंदूने आजूबाजूचं घेऊन ठिगळ लावलं, आणि ते इतकं बेमालूम की आपण जन्मभर दोन्ही डोळ्यांत एकेक अंधबिंदू घेऊन वावरतो तरी कळत नाही.

आजींच्या बाबतीत हेच मोठ्या जागेत घडतं. त्यांना कडेने काळोख दिसत नाही. उंबऱ्याच्या जागी जमीन दिसते.

आता काचबिंदूची जी चित्रं आपण भिंतीवर, पत्रकांत पाहतो ती आठवा. मधे गोल उजेड आणि भोवती डांबरासारखा काळोख, बोगद्यातून पाहिल्यासारखा. लंडनमध्ये डेव्हिड क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचबिंदूच्या ५० रुग्णांना अशी काही चित्रं दाखवली आणि तुम्हाला जसं दिसतं त्याच्या सर्वांत जवळचं चित्र कोणतं, असं विचारलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या बोगद्याचं किंवा काळ्या डागांचं चित्र त्या पन्नासांतल्या एकानेही निवडलं नाही. निम्म्याहून अधिक लोकांनी काही भाग अस्पष्ट झालेलं चित्र निवडलं, काहींनी काही वस्तू गायब झालेलं. सुमारे चौथ्या हिश्श्याचं म्हणणं होतं की आपल्याला दिसण्यात काही फरक जाणवतच नाही.

मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. बोगद्याचं चित्र चुकीचं आहे एवढ्यासाठीच नाही, तर त्यामुळे नुकसान होतं म्हणून. ज्याने काळा बोगदा पाहिला आहे तो माणूस डोळ्यापुढे काळोख यायची वाट पाहत बसतो. काळोख येत नाही, म्हणून तो तपासायला जात नाही. तोवर नस झिजत राहते, आणि मेलेला तंतू परत उगवत नाही.

त्याच गटातले पीट जोन्स यांनी पुढे यावर काम केलं. त्यांच्या चमूने 'ओपनविसिम' नावाची संगणकप्रणाली तयार केली आणि कोणालाही वापरता यावी म्हणून खुली ठेवली. तिच्याबद्दलचा त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. त्यात हेडसेटच्या आत बुबुळांवर नजर ठेवणारे कॅमेरे असतात. ते कशाला हवेत, हे मुलांना जरूर सांगा. कारण चांगलं आणि वाईट यंत्र तिथेच वेगळं होतं. आपल्या दृष्टीतला गेलेला भाग डोळ्याबरोबर फिरतो. तुम्ही उजवीकडे पाहिलंत की तोही उजवीकडे. पण फोन पुठ्ठ्याच्या डब्यात बसवून दाखवलेल्या नकलेत डाग पडद्यावर एका जागी चिकटलेला असतो. माणूस नुसते डोळे फिरवून डागाच्या पलीकडचं पाहून घेतो आणि म्हणतो, "अरे, एवढं काही वाईट नाही." किंवा मधोमध काळा डाग पाहून घाबरून जातो. दोन्ही खोटं. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रात ही पळवाट नसते, आणि गेलेला भाग काळा न करता आजूबाजूच्या रंगाने विरघळवताही येतो, म्हणजे मेंदूच्या ठिगळाच्या थोडं जवळ जाता येतं. थोडंच. कारण तुम्ही तो भाग शोधत असता आणि आजी शोधत नसतात.

मोतीबिंदूची नक्कल मात्र बरीच सोपी. तिथे डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं, म्हणजे सगळं दृश्य एकसारखं धुकट आणि पिवळट होतं. निळं लुगडं आणि काळं लुगडं यांतला फरक कळेनासा होतो. समोरून गाडी आली की दिव्याभोवती उजेडाचं जाळं पसरतं. हे फोनवरसुद्धा बऱ्यापैकी दाखवता येतं. पण तुमच्याकडे त्यात एक अडचण आहे, आणि ती ऊन. दुपारच्या उन्हात अंगणात जवळपास १ लाख लक्स उजेड असतो, कौलारू घराच्या माजघरात कधी ५० सुद्धा नसतो. मोतीबिंदूच्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो या दोन्हींच्या मधल्या दारात. अंगणात डोळे दिपतात आणि आत पाऊल टाकल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. हेडसेटच्या पडद्याला एवढा उजेड पाडताच येत नाही. म्हणून नेमकी कोकणातल्या माणसाची तक्रार त्या महागड्या यंत्रातून निसटते.

त्यावर माझा उपाय अगदी साधा आहे. जुना, बिननंबरी चष्मा घ्या. त्याच्या काचांवर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन थर लावा, हवं तर वर थोडी पेट्रोलियम जेली फासा. हा चष्मा घालून गायवाडीच्या किनाऱ्यावर दुपारी उभे राहा, किंवा माडांच्या सावलीतून उन्हात या. इथे ऊन खरं असतं, त्यामुळे दिपणंही खरं. मोतीबिंदूपुरतं बोलायचं तर हा चष्मा हेडसेटला मागे टाकतो. तो घालून विहिरीकडे, रस्त्यावर किंवा जिन्याला एकटं जाऊ द्यायचं नाही, प्रत्येक मुलाबरोबर एक उघड्या डोळ्यांचं मूल हवंच. हेडसेटलाही हाच नियम.

आता तुमचा दुसरा प्रश्न : दाखवावं का?

मी काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात असं यंत्र पाच मिनिटं घातलं होतं. समोर टेबलावर पांढऱ्या बशीत पांढरा कप होता. तो उचलायचा होता. कान सापडेना, चहा सांडला. यंत्र काढलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती, ही माणसं जगत कशी असतील. टेबलापलीकडे त्या मांडणीचे एक कार्यकर्ते बसले होते. त्यांची दृष्टी तरुणपणीच खूप कमी झाली होती. त्यांनी विचारलं, "काय काय जमलं?" माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, काय जमलं नाही याचीच यादी होती. मग त्यांनी स्वतः चहा ओतला. बोटाचं पेर कपाच्या काठावर ठेवून, आवाज ऐकत. एक थेंब सांडला नाही. त्या पाच मिनिटांत मी जे शिकलो ते यंत्रातून नव्हे, त्या बोटाच्या पेरातून.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावर सोडत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात एरिएल सिल्वरमन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. सिल्वरमन स्वतः अंध आहेत. काही लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना कामं करायला लावली. नंतर त्यांना विचारलं, अंध माणूस नोकरी करू शकेल का, एकटा राहू शकेल का? पट्टी बांधलेल्यांनी अंध माणसांची क्षमता इतरांपेक्षा कमी लेखली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण उघड आहे. पट्टी बांधली की तुम्हाला अंधत्वाची पहिली पाच मिनिटं मिळतात. पोहायला न येणाऱ्याला पाण्यात ढकलून द्यायचं आणि वर काढून विचारायचं, नदीकाठची माणसं कशी जगत असतील? तो काय सांगणार, बुडून मरत असतील! वीस वर्षांत माणूस काय काय शिकतो, पांढरी काठी जमीन कशी वाचते, पावलांच्या आवाजावरून माणूस कसा ओळखतात, फोन बोलका कसा करतात, यातलं काहीही यंत्रात नसतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. मुलांना यंत्र जरूर दाखवा, पण आजीला कसं वाटतं हे कळावं म्हणून नको. त्यातून कणव येईल, आणि ती दुसऱ्या दिवशी ओसरेल. यंत्र हातात मोजपट्टीसारखं द्या आणि गाव मोजायला पाठवा.

मघाशी म्हटलं ना, या यंत्रात आपलंच अंगण दिसतं. तेच वापरायचं. पन्नास मुलांना एका हॉलमध्ये बसवून ओळीने हेडसेट फिरवला तर तो जत्रेतला खेळ होतो. त्याऐवजी जोड्या करा, एकाच्या डोळ्यांवर यंत्र किंवा चिकटपट्टीचा चष्मा, दुसऱ्याच्या हातात वही. शाळेच्या पायऱ्यांपासून सुरुवात करा. आपल्याकडे पायरी जांभ्याची, बाजूची भिंत जांभ्याची, खालची मातीही तांबडी. धुकट डोळ्यांना त्या पायऱ्या म्हणजे एक सलग उतार दिसतो, आणि पावसाळ्यात वर शेवाळ. हे मुलाने स्वतः पाहिलं की तो तुम्हाला विचारेल, मग काय करायचं? प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीचा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायचा. डबाभर रंग आणि एक रविवार. मग एसटीच्या थांब्यावर जा. गाडीची पाटी किती अंतरावरून वाचता येते, ते पावलांनी मोजा. बँकेतलं पैसे भरायचं चलन घ्या, त्यातली अक्षरं करडी आहेत की काळी? औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येते का? घरी पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढा आणि मग त्याच भाताला स्टीलचं किंवा गडद रंगाचं ताट घ्या. पाखाडीच्या दोन्ही अंगांना कुठे काय लोंबतंय, छातीच्या उंचीवर कोणती फांदी आलीय, हेही लिहून घ्या. काठी जमिनीवरचं सांगते, चेहऱ्यासमोरची फांदी तिला कळत नाही.

तुमच्या गावात केशवसुतांचं स्मारक आहे. १८६६ मध्ये त्यांचा जन्म मालगुंडला झाला आणि आज त्यांची कविता वाचायला लोक लांबून येतात. एका जोडीला तिथेही पाठवा. कोणत्या पाटीवर ऊन पडून अक्षर दिसेनासं होतं, कोणतं अक्षर बोटाने वाचता येण्याइतकं खोल आहे, आत जाताना पहिली अडचण कुठे येते, हे मुलांनी पाहावं आणि आदराने व्यवस्थापनाला लिहून द्यावं. ते पत्र म्हणजे तुमच्या १५ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाचा खरा निकाल असेल. ग्रंथालयाकडेही एक मागणी करा. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक सुरू केलं. त्याचा एक अंक मुलांच्या हातात द्या. डोळे मिटून ठिपक्यांवरून बोट फिरवताना त्यांना पहिल्यांदा कळेल की वाचणं ही फक्त डोळ्यांची गोष्ट नाही.

आणि त्या दिवशी बोलायला दृष्टिबाधित माणसालाच बोलवा. जिल्ह्यात शोधलंत तर कोणी ना कोणी नक्की मिळेल, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गायक, दुकानदार. मोठ्या शहरांतले चांगले उपक्रमही हेच करतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे. त्यांच्या 'अंतर्चक्षू' या कार्यक्रमात डोळ्यांवर पट्टी बांधून रोजचे व्यवहार करून पाहायचे असतात, आणि ते व्यवहार अंध माणूस कोणत्या साधनांनी करतो हेही समजून घ्यायचं असतं. जर्मनीत १९८८ मध्ये आंद्रेआस हाइनेके यांनी सुरू केलेल्या 'डायलॉग इन द डार्क' या प्रदर्शनात सगळीकडे मिट्ट काळोख असतो आणि तुम्हाला हात धरून नेणारा वाटाड्या अंध असतो. तिथे चाचपडतो तो डोळस आणि वाट माहीत असते ती अंधाला. सिल्वरमन यांना सापडलेली अडचण तिथे अशी सुटते.

पाहुण्यांना "तुम्हाला किती त्रास होतो" असं मुलांनी विचारू नये. "हे तुम्ही कसं करता" असं विचारावं. नोट कशी ओळखता? रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मणी' नावाचं फोनवरचं ॲप आणलं, ते कॅमेऱ्याने नोट ओळखून बोलून सांगतं. नाणी? २०१९ मध्ये आलेल्या मालिकेत २० रुपयांच्या नाण्याला बारा बाजू ठेवल्या आहेत, हाताला कळावं म्हणून. अभ्यास कसा करता? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीवर अभ्यास करून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रं घेतली. अशी मोठी नावं मुलांना सांगा, पण तिथेच थांबू नका. साधा चहा ओतणं, साधा बाजार करणं कसं जमतं हे ऐकण्यात जास्त शिकण्यासारखं आहे. आणि शेवटी मुलांना मदत कशी करायची ते करून दाखवा. अंध माणसाला दंडाला धरून ओढायचं नाही. "माझं कोपर धरता का?" असं विचारायचं, त्याने धरलं की अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायरी आली की चढ की उतार ते सांगायचं.

एक प्रयोग राहिला, तोही बिनखर्चाचा. हात सरळ लांब करा आणि मूठ आवळा. डोळ्यापासून ती मूठ साधारण १० अंशांचा कोन व्यापते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार ज्याचं दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी उरलं आहे तो माणूस अंध ठरतो, मग त्या मुठीएवढ्या जागेतलं त्याला कितीही बारीक दिसो. म्हणजे असा माणूस एसटीत बसून फोनवरचा संदेश वाचू शकतो आणि उतरताना त्याला पांढरी काठी लागते. आपल्याकडे लोक अशा माणसाला तोंडावर विचारतात, "फोन वाचता येतो, मग काठी कशाला?" सवलतीसाठी नाटक करतो म्हणतात. अल्पदृष्टी असलेल्या किती जणांनी या एका वाक्यामुळे काठी घरी ठेवली असेल आणि पडून हाड मोडून घेतलं असेल! तुमच्या घरात आजींना जे ऐकावं लागलं ते हेच होतं. प्रत्येक मुलाने ती मूठ धरून पाहिली, तर निदान तुमच्या शाळेतून निघालेलं मूल हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारणार नाही.

मोतीबिंदूबद्दल मुलांकरवी घरोघरी एक निरोप पोचवा. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. तो शस्त्रक्रियेने काढता येतो आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत काढला जातो. "पिकू दे, मग काढू" ही जुनी समजूत आहे. आज पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. ज्या आजोबांना चिकटपट्टीच्या चष्म्यासारखं दिसतं त्यांना आणखी दोन वर्षं तसं ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता बाबांचं म्हणणं. वय हे एक कारण खरं, पण एकटं नाही. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कोणाला तो असेल तर आपल्याला होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. बाबा म्हणतील, मला सगळं स्वच्छ दिसतं. तेव्हा त्यांच्या हातात ती रेघांची वही द्या आणि ठिपका नाहीसा झाल्यावर विचारा, "आता तिथे काय दिसतं?" ते म्हणतील, कागद.

त्यांना रत्नागिरीला न्या, आणि आत्या असतील तर त्यांनाही. नुसत्या चष्म्याच्या नंबरावर समाधान मानू नका. डोळ्याचा दाब, नसेची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख, या तीनही गोष्टी करून मागा. आणि आजींचे डोळ्यांत घालायचे थेंब रोज, ठरलेल्या वेळी, एकही दिवस न चुकता घाला. थेंबांनी गेलेलं परत येत नाही, पण सुई ओवायची नजर शाबूत राहू शकते. उंबऱ्यावर पिवळा पट्टा आजच ओढा, १५ ऑक्टोबरची वाट पाहू नका.